जीपीयू-आधारित महासंगणकांसाठी सुवाह्य प्रोग्रॅमिंग प्रारूपे

सुवाह्य प्रोग्रॅमिंग प्रारूप म्हणजे एकच मूळ आज्ञावली वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्रोसेसरांवर फारसा बदल न करता चालवता यावी, यासाठी विकसित केलेली भाषा, कंपायलर-निर्देशांचा संच किंवा लायब्ररी होय. महासंगणनाच्या क्षेत्रात ही संज्ञा प्रामुख्याने ग्राफिक्स प्रक्रिया एकक अर्थात जीपीयू बसवलेल्या यंत्रांच्या संदर्भात वापरली जाते. कुडा, हिप, ओपनएमपी, ओपनएसीसी, सिकल, कोक्कोस, राजा आणि अल्पाका ही या क्षेत्रातील प्रमुख प्रारूपे असून त्यांची सुवाह्यता कमीअधिक आहे.

प्रारूपाच्या निवडीला महत्त्व येते ते यंत्र आणि आज्ञावली यांच्या आयुष्यातील तफावतीमुळे. मोठा महासंगणक साधारणपणे पाच ते सात वर्षांत निवृत्त होतो. हवामान, पदार्थविज्ञान, रेणूंची हालचाल किंवा द्रवगतिकी यांचे गणन करणाऱ्या वैज्ञानिक आज्ञावल्या मात्र अनेक दशके वापरात राहतात आणि त्यांत लाखो ओळी असू शकतात. चुकीच्या प्रारूपाची किंमत यंत्र बदलताना मोजावी लागते. ती पैशांपेक्षाही संशोधकांच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांत असते.

## पार्श्वभूमी

महासंगणक हा हजारो नोड जोडून बनतो. प्रत्येक नोड हा स्वतंत्र संगणकच असतो. नोडांमधील संदेशवहनासाठी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले एमपीआय हे प्रमाण सर्वत्र स्वीकारले गेले. त्यामुळे नोडांमधील समांतर गणनाच्या बाबतीत सुवाह्यतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. नोडच्या आत जीपीयू आल्यावर तो नव्या रूपात पुढे आला.

जीपीयू मुळात पडद्यावरील चित्रे रेखाटण्यासाठी विकसित झाले. त्यात साधी गणनाघटके मोठ्या संख्येने असतात आणि एकच क्रिया असंख्य आकड्यांवर एकाच वेळी करता येते. एनव्हिडिया कंपनीने २००७ मध्ये कुडा हे प्रारूप उपलब्ध करून दिल्यावर सर्वसाधारण गणनासाठी जीपीयू वापरणे सुलभ झाले. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचा टायटन हा महासंगणक नोव्हेंबर २०१२ मध्ये टॉप५०० यादीत पहिला आला. त्यात १८,६८८ एनव्हिडिया जीपीयू होते. त्याच प्रयोगशाळेच्या २०१८ मधील समिट या यंत्रातही एनव्हिडियाचेच जीपीयू होते. या काळात जीपीयूसाठी लिहिलेली वैज्ञानिक आज्ञावली म्हणजे कुडामधील आज्ञावली, असे समीकरण बऱ्याच अंशी रूढ झाले.

ते पुढच्या पिढीत मोडले. ओक रिज येथील फ्रंटियर हे यंत्र मे २०२२ मध्ये १.१०२ एक्साफ्लॉप्सची नोंद करून टॉप५०० यादीतील पहिले एक्सास्केल यंत्र ठरले. एक एक्साफ्लॉप म्हणजे सेकंदाला १०<sup>१८</sup> गणनक्रिया. या यंत्रात एएमडी कंपनीचे जीपीयू आहेत. २०२४ मध्ये एक एक्साफ्लॉपचा टप्पा ओलांडणाऱ्या अरोरामध्ये इंटेलचे जीपीयू आहेत, तर त्याच वर्षी यादीत पहिल्या क्रमांकावर आलेल्या एल कॅपिटनमध्ये पुन्हा एएमडीचे. ही तिन्ही यंत्रे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळांत असून त्यांपैकी एकावरही कुडा थेट चालत नाही.

| महासंगणक | ठिकाण | जीपीयू |
|---|---|---|
| समिट (निवृत्त) | ओक रिज, अमेरिका | एनव्हिडिया व्ही१०० |
| पर्लमटर | बर्कली, अमेरिका | एनव्हिडिया ए१०० |
| फ्रंटियर | ओक रिज, अमेरिका | एएमडी एमआय२५०एक्स |
| लुमी | कायानी, फिनलंड | एएमडी एमआय२५०एक्स |
| अरोरा | आर्गॉन, अमेरिका | इंटेल मॅक्स मालिका |
| एल कॅपिटन | लिव्हरमोर, अमेरिका | एएमडी एमआय३००ए |
| ज्युपिटर | युलिश, जर्मनी | एनव्हिडिया जीएच२०० |

## सुवाह्यतेचे दोन स्तर

आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालणे आणि ती तेथे वेगाने चालणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला कार्यात्मक सुवाह्यता आणि दुसरीला कामगिरीची सुवाह्यता असे म्हणता येईल. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप साधत नाही. त्याची कारणे यंत्रांच्या रचनेत आहेत.

मेमरीतील मांडणी. द्विमितीय सारणीतील आकडे मेमरीत ओळीने किंवा स्तंभाने साठवता येतात. सीपीयूवर एका थ्रेडने लगतचे आकडे एकामागून एक वाचणे फायद्याचे असते, कारण ते एकत्रच कॅशमध्ये येतात. जीपीयूवर मात्र शेजारच्या थ्रेडांनी एकाच क्षणी लगतचे आकडे वाचणे फायद्याचे असते. तसे झाल्यास अनेक थ्रेडांची मागणी मोजक्या फेऱ्यांत पुरी होते. त्यामुळे एका यंत्रावर आदर्श असलेली मांडणी दुसऱ्यावर कित्येक पट मंद ठरू शकते.

थ्रेडांचे गट. जीपीयूतील थ्रेड गटागटाने चालतात. एनव्हिडियाच्या जीपीयूत हा गट ३२ थ्रेडांचा असतो, तर एएमडीच्या महासंगणकीय जीपीयूत ६४ थ्रेडांचा. इंटेलच्या मॅक्स मालिकेत १६ आणि ३२ असे पर्याय आहेत. ज्या आज्ञावलीत ३२ हा आकडा गृहीत धरलेला असतो, ती दुसऱ्या यंत्रावर मंद होते किंवा चुकीचे उत्तर देते.

माहितीची ने-आण. जीपीयूला सहसा स्वतंत्र मेमरी असते. ४० गिगाबाइट मेमरीचा एनव्हिडिया ए१०० स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला सुमारे १.५ टेराबाइट माहिती वाचू शकतो. सीपीयूकडून पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मार्गाने मात्र एका दिशेला सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइटच माहिती येते. ही तफावत जवळपास पन्नासपट आहे. याउलट एल कॅपिटनमधील एमआय३००ए या एककात सीपीयू आणि जीपीयू एकच मेमरी वापरतात, त्यामुळे त्यांच्यात माहितीची नक्कल करावी लागत नाही. प्रारूपाला या दोन्ही परिस्थिती हाताळता आल्या पाहिजेत.

## प्रमुख प्रारूपे

### उत्पादकांची स्वतःची प्रारूपे

कुडा हे एनव्हिडियाचे प्रारूप असून ते केवळ त्याच कंपनीच्या जीपीयूंसाठी आहे. त्याची साधने, ग्रंथालये आणि अध्ययनसामग्री यांचा विस्तार मोठा आहे. एएमडीच्या रॉकएम या संचातील हिप हे प्रारूप मुद्दाम कुडाच्या धर्तीवर रचलेले आहे. बहुतांश फलनांच्या नावांत केवळ उपसर्गाचा फरक असल्याने कुडामधील आज्ञावलीचे हिपमध्ये रूपांतर मोठ्या प्रमाणात स्वयंचलित साधनांनी करता येते. हिपमधील आज्ञावली एनव्हिडियाच्या जीपीयूवरही कंपाइल होते. थ्रेडांच्या गटाचा आकार किंवा कुडाची विशेष ग्रंथालये यांवर अवलंबून असलेला भाग मात्र हातानेच बदलावा लागतो.

### निर्देश-आधारित प्रारूपे

या पद्धतीत मूळ फोरट्रान, सी किंवा सी++ आज्ञावली तशीच राहते. लूपच्या आधी एक विशेष ओळ लिहून तो लूप जीपीयूवर चालवावा, असे कंपायलरला सांगितले जाते. ओपनएसीसी हे प्रमाण नोव्हेंबर २०११ मध्ये एनव्हिडिया, क्रे, पीजीआय आणि कॅप्स या कंपन्यांनी जाहीर केले. ओपनएमपी त्याहून जुने असून १९९७ पासून सीपीयूवरील थ्रेडांसाठी वापरले जात होते. २०१३ मधील ४.० या आवृत्तीत जीपीयूसारख्या उपकरणांवर काम सोपवण्याची सोय आली. ओपनएमपीसाठी एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिघांचेही कंपायलर उपलब्ध आहेत. ओपनएसीसीला मिळणारा आधार तुलनेने मर्यादित आहे.

फोरट्रानमधील मोठ्या आज्ञावलींसाठी हा मार्ग सर्वांत कमी उलथापालथीचा मानला जातो. मात्र एकच निर्देश निरनिराळे कंपायलर निरनिराळ्या प्रकारे अंमलात आणतात. त्यामुळे कामगिरी कंपायलरच्या प्रगल्भतेवर अवलंबून राहते आणि मेमरीतील मांडणी बदलण्याचे काम निर्देशांनी होत नाही.

### खुली भाषाप्रमाणे

ओपनसीएलची सुरुवात अ‍ॅपल कंपनीने केली आणि क्रोनोस या उद्योगसमूहाने २००८ मध्ये त्याचे पहिले प्रमाण प्रसिद्ध केले. त्याची व्याप्ती मोठी होती, परंतु त्यात आज्ञावलीचा जीपीयूवर चालणारा भाग आणि सीपीयूवरील भाग वेगवेगळे लिहावे लागत. क्रोनोसच्याच सिकल या प्रमाणात दोन्ही भाग एकाच सी++ आज्ञावलीत लिहिता येतात. सिकल २०२० हे प्रमाण फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटेलने वनएपीआय या आपल्या संचासाठी सिकलचा आधार घेतला. हायडेलबर्ग विद्यापीठात सुरू झालेला अ‍ॅडॅप्टिव्हसीपीपी हा त्याचा आणखी एक कंपायलर असून तो तिन्ही उत्पादकांच्या जीपीयूंसाठी वापरता येतो.

### अमूर्तन लायब्ररी

कोक्कोस ही सी++ लायब्ररी अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळांत विकसित झाली. तिचे नाव दाणा किंवा गर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले आहे. आज्ञावलीकाराने समांतर लूप आणि सारण्या कोक्कोसच्या शब्दांत लिहावयाच्या असतात. त्या कोणत्या प्रोसेसरवर चालवायच्या, कोणत्या मेमरीत ठेवायच्या आणि कोणत्या क्रमाने मांडायच्या, हे कंपाइल करताना ठरते. आतून ही लायब्ररी यंत्रानुसार कुडा, हिप, सिकल किंवा ओपनएमपीचा वापर करते. सारणीची मांडणी यंत्रानुसार आपोआप बदलणे हे तिचे वैशिष्ट्य आहे.

लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील राजा ही लायब्ररी जुन्या आज्ञावलीत लूपगणिक हळूहळू शिरकाव करता यावा, या हेतूने रचलेली आहे. तिच्या जोडीला मेमरीच्या व्यवस्थापनासाठी अंपायर ही स्वतंत्र लायब्ररी आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील हेल्महोल्ट्झ केंद्राशी निगडित अल्पाका ही याच प्रकारची लायब्ररी सर्न येथील सीएमएस प्रयोगात वापरली जाते.

### प्रमाण भाषांतील समांतरता

सी++१७ मध्ये समांतर अल्गोरिदमांचा, तर फोरट्रान २००८ मध्ये लूपची आवर्तने परस्परस्वतंत्र असल्याचे सांगणाऱ्या रचनेचा समावेश झाला. एनव्हिडियाच्या कंपायलरने या रचना थेट जीपीयूवर नेण्याची सोय केली आहे. भाषेच्या प्रमाणाचाच भाग असल्याने त्यांचे आयुष्य मोठे असण्याची शक्यता आहे. मात्र माहिती कोठे ठेवावी यावर त्यांत फारसे नियंत्रण राहत नाही.

## कामगिरीच्या सुवाह्यतेचे मोजमाप

पेनिकुक, सेवॉल आणि ली या संशोधकांनी २०१६ मध्ये एक मापक सुचवले. त्यात प्रत्येक यंत्रावर आज्ञावली किती कार्यक्षमतेने चालते हे काढून त्या टक्केवारींची हरात्मक सरासरी घेतली जाते. एखादी आज्ञावली तीन यंत्रांवर अनुक्रमे ८०, ६० आणि ३० टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर साधी सरासरी सुमारे ५७ टक्के येते, पण हरात्मक सरासरी ४८ टक्केच येते. एका यंत्रावरील कमकुवत कामगिरी इतर यंत्रांवरील चांगल्या कामगिरीने झाकली जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. निवडलेल्या यंत्रांपैकी एकावरही आज्ञावली चालत नसल्यास मापकाचे मूल्य शून्य धरले जाते.

कार्यक्षमता कशाच्या तुलनेत मोजावी, यावर निष्कर्ष अवलंबून असतो. यंत्राच्या सैद्धांतिक क्षमतेशी तुलना करता येते किंवा त्याच यंत्रावरील सर्वांत वेगवान ज्ञात आज्ञावलीशी. प्रारूपांच्या तुलनेसाठी ब्रिस्टल विद्यापीठात विकसित झालेली बेबलस्ट्रीम ही चाचणी प्रचलित आहे. तीत मेमरीच्या वेगाची तीच साधी चाचणी अनेक प्रारूपांत लिहिलेली आहे. मात्र अशा छोट्या चाचणीत चांगले ठरलेले प्रारूप मोठ्या आज्ञावलीतही तसेच ठरेल, याची खात्री देता येत नाही.

## निवडीचे निकष

मूळ भाषा. कोक्कोस, राजा आणि सिकल यांसाठी सी++ आवश्यक आहे. फोरट्रानमधील आज्ञावलीपुढे निर्देश-आधारित प्रारूप किंवा संपूर्ण पुनर्लेखन हे मुख्य पर्याय उरतात.

वेळ कोठे खर्च होतो. आज्ञावलीचा बहुतेक वेळ दोन-चार लूपांत जात असेल, तर तेवढाच भाग प्रत्येक उत्पादकाच्या प्रारूपात वेगळा लिहिणे परवडते. वेळ शेकडो लूपांत विखुरलेला असेल, तर एकाच सुवाह्य मूळ आज्ञावलीला पर्याय नसतो. कामाचा ५ टक्के वेळ घेणारा भाग जुन्याच वेगाने चालत राहिला, तर उरलेले काम कितीही वेगवान केले तरी एकूण वेग २० पटींहून अधिक वाढत नाही. म्हणून विखुरलेले छोटे लूप दुर्लक्षित ठेवता येत नाहीत.

ग्रंथालयांवरील अवलंबित्व. काम मुख्यतः आव्यूहगणित किंवा फूरिये रूपांतर यांचे असेल, तर ते उत्पादकांच्या ग्रंथालयांकडे सोपवणे श्रेयस्कर असते. अशा वेळी प्रारूपाची निवड दुय्यम ठरते.

संघाचा आकार. तीन उत्पादकांसाठी तीन आवृत्त्या ठेवल्यास प्रत्येक सुधारणा आणि चाचणी तीनदा करावी लागते. मोठ्या संघाला हे शक्य असते. विद्यापीठातील दोन-तीन जणांच्या गटात एक जण बाहेर पडला, तरी एखादी आवृत्ती बेवारस होण्याचा धोका असतो.

प्रारूपाचे स्वतःचे आयुष्य. प्रारूपेही कालबाह्य होतात. ओपनसीएलची सुरुवात करणाऱ्या अ‍ॅपलनेच २०१८ मध्ये आपल्या प्रणालीत ते कालबाह्य घोषित केले. ओपनएसीसीच्या चार संस्थापकांपैकी पीजीआय २०१३ मध्ये एनव्हिडियाकडे गेली, तर कॅप्स ही फ्रेंच कंपनी २०१४ मध्ये बंद पडली. त्यामुळे प्रारूपाचे प्रमाण कोण ठरवते, त्याचे एकाहून अधिक स्वतंत्र कंपायलर आहेत का आणि देखभालीचा खर्च कोण करते, हे तपासणे आवश्यक ठरते. कोक्कोस २०२४ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील हाय परफॉर्मन्स सॉफ्टवेअर फाउंडेशनचा भाग झाले.

## प्रत्यक्ष उदाहरणे

कॉस्मो आणि स्वित्झर्लंडचे हवामान खाते. मेटिओस्विस या संस्थेने २०१६ मध्ये जीपीयू-आधारित यंत्रावर दैनंदिन हवामान अंदाज काढण्यास सुरुवात केली. त्यासाठी कॉस्मो या प्रारूपाचा गतिकीय गाभा सी++ मध्ये, या क्षेत्रासाठीच रचलेल्या विशेष भाषेच्या आधारे नव्याने लिहिण्यात आला. ढग, प्रारण आदी भौतिक प्रक्रियांचा फोरट्रान भाग मात्र कायम ठेवून त्यात ओपनएसीसी निर्देश घालण्यात आले. एकाच आज्ञावलीत दोन मार्गांचा मेळ घालण्याचे हे उदाहरण आहे.

स्क्रीम. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ई३एसएम प्रकल्पातील वातावरणाची ही आज्ञावली फोरट्रानऐवजी सी++ आणि कोक्कोसमध्ये लिहिण्यात आली. सुमारे ३.२५ किलोमीटर अंतराच्या जाळीवर संपूर्ण पृथ्वीच्या वातावरणाचे गणन तिने फ्रंटियरवर केले आणि एका दिवसात वर्षभराहून अधिक काळाचे अनुकरण साधले. या कामाला २०२३ मध्ये हवामान प्रारूपणासाठीचा पहिला गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. हीच आज्ञावली समिटच्या एनव्हिडिया जीपीयूंवरही चालली होती.

ग्रोमॅक्स. जैविक रेणूंच्या हालचालीचे गणन करणाऱ्या या आज्ञावलीने एनव्हिडियासाठी कुडा कायम ठेवून एएमडी आणि इंटेलच्या जीपीयूंसाठी सिकलचा अवलंब केला. जेथे सर्वाधिक वापरकर्ते आहेत तेथे उत्पादकाचे प्रारूप आणि इतरत्र सुवाह्य प्रारूप, अशी ही विभागणी आहे.

वॉर्पएक्स. कणत्वरकांतील प्लाझ्माचे गणन करणारी ही आज्ञावली एएमरेक्स या चौकटीवर उभी आहे. एएमरेक्समध्ये कुडा, हिप आणि सिकल यांवरचा स्वतःचा पातळ थर आहे. फ्रंटियर, समिट, पर्लमटर आणि जीपीयू नसलेल्या जपानी फुगाकूवर चालवलेल्या या आज्ञावलीच्या कार्याला २०२२ चा गॉर्डन बेल पुरस्कार देण्यात आला.

## भारतातील संदर्भ

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणक इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरांवर आधारलेला होता. ट्रान्सप्युटरसाठी ऑकॅम ही खास समांतर भाषा रचण्यात आली होती. पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला आणि १९९८ मधील परम १०००० हे यंत्र सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभारले गेले. प्रोसेसरचे घराणे सात वर्षांत कसे बदलू शकते, याचे हे देशातील जुने उदाहरण होय.

सी-डॅकच्याच परम सिद्धी-एआय या यंत्राने नोव्हेंबर २०२० मध्ये टॉप५०० यादीत ६३ वे स्थान मिळवले आणि २०२३ मध्ये ऐरावत ७५ व्या स्थानी आला. दोन्ही यंत्रांत एनव्हिडियाचे जीपीयू आहेत. त्यामुळे तेथे कुडामधील आज्ञावली अडचणीविना चालते. तीच आज्ञावली लुमी किंवा फ्रंटियरवर न्यावयाची झाल्यास, किंवा पुढील खरेदीत निराळ्या उत्पादकाचे जीपीयू आल्यास, सुवाह्यतेचा प्रश्न उभा राहतो.

## मर्यादा

सुवाह्य प्रारूपांवरील मुख्य आक्षेप त्यांच्या जटिलतेविषयी आहे. सी++ टेम्प्लेटवर आधारलेल्या लायब्ररींमध्ये कंपायलरचे त्रुटीसंदेश लांबलचक आणि दुर्बोध होतात, कंपाइल होण्यास वेळ लागतो आणि दोष शोधताना अनेक थर ओलांडावे लागतात. नव्या जीपीयूतील विशेष सुविधा उत्पादकाच्या प्रारूपात आधी येतात आणि सुवाह्य प्रारूपांत नंतर. शिवाय निरनिराळ्या यंत्रांवर बेरजेचा क्रम बदलल्याने शेवटच्या दशांशस्थळांत फरक पडतो. म्हणून उत्तर बरोबर असल्याची चाचणी प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे घ्यावी लागते. त्यातून कोणतेही प्रारूप सुटका करत नाही.

या मर्यादांमुळे अनेक प्रकल्पांत प्रारूपाची नावे आज्ञावलीभर न पसरवता एका पातळ थरात बंदिस्त ठेवली जातात. विज्ञानाचा भाग त्या थराच्या वर आणि यंत्राचा भाग त्याच्या खाली राहतो. पुढे निवडलेले प्रारूपच बदलण्याची वेळ आली, तर नव्याने लिहावा लागतो तो मुख्यतः हा थर; त्यावरील समीकरणांच्या आज्ञावलीला फारसा धक्का लागत नाही.